कुणाच्याच नसलेल्या शिवल्या

निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी ती सकाळ माझ्या मनातून जात नाही. खून, दरोडे, घरफोड्या यांच्या तपासात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यांतले बरेच चेहरे आता पुसट झाले आहेत. पण गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या पंधरा-वीस कोळणी पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांवर उभ्या आहेत आणि नुकतीच फरशी पुसलेली आहे म्हणून आत यायला तयार नाहीत, हे दृश्य काल पाहिल्यासारखे समोर येते.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षे होती. बोरिवली पश्चिमेच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. स्टेशनपासून पश्चिमेला निघाले की बाजार लागायचा, मग बैठ्या चाळी, नव्याने उठणाऱ्या सोसायट्या, मिठागरे, आणि सगळ्यात शेवटी तिवरांची झाडी आणि खाडी. खाडीच्या अलीकडच्या काठाला एक कोळीवाडा, पलीकडच्या काठाला दुसरा. दोन्हींची नावे मी देणार नाही, माणसांचीही नाही. त्यांतले काही अजून हयात आहेत आणि त्यांची मुलेनातवंडे तिथेच नांदतात.

ठाणे अंमलदार हवालदाराने बायकांना विचारले, "काय चोरीला गेलं, मावशी?"

सर्वांत पुढे साठीची एक किरकोळ बांध्याची बाई होती. वाड्यात लहानथोर सगळे तिला 'बाय' म्हणत. ती म्हणाली, "शिवल्या."

"किती टोपल्या? कुठं ठेवल्या होत्या?"

"ठेवल्या नव्हत्या. चिखलात व्हत्या. जित्या."

हवालदाराने पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. मी घाटावरचा माणूस. शिवल्या म्हणजे तिसऱ्या, शिंपल्यातला तो जीव, इतकेच मला ठाऊक होते. मी बायला समोर बसवले आणि सगळे सांगायला लावले.

ओहोटीला खाडीतला जो चिखलाचा पट्टा उघडा पडतो त्याला ते खाजण म्हणत. वाड्याच्या खाजणाचे त्यांनी पूर्वापार तुकडे पाडलेले होते. एका तुकड्यात कोयतीने चिखल उकरून शिवल्या काढायच्या, तेव्हा दुसरा तुकडा बंद ठेवायचा. बंद तुकड्याच्या चार कोपऱ्यांवर बांबू रोवून तांबडे फडके बांधायचे. याला 'राखण' म्हणत. राखण लागली की त्या चिखलात कुणी पाऊल टाकायचे नाही, मग घरात कालवणाला काही असो वा नसो. चैत्रात सगळा वाडा कार्ल्याच्या देवीला गेला होता. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बायका खाजणावर गेल्या, तर राखणीचा सर्वांत मोठा तुकडा, दोन पावसाळे बंद ठेवलेला, कुणीतरी पार खरवडून नेला होता.

"चला, दाखवा," मी म्हणालो.

खाडीवर पोचलो आणि उत्साहाच्या भरात दोन पावले चिखलात टाकली, तो मांडीपर्यंत रुतलो. दोघींनी काखेत हात घालून मला वर ओढले. हवालदार हसू दाबत राहिला. बाय म्हणाली, "सायेब, माज्या मागनं या. इथं टनक वाट एकच हाय." तिवरांतून नागमोडी जाणाऱ्या त्या एकाच वाटेने आम्ही पुढे गेलो.

समोर तो तुकडा होता. शेजारचा चिखल गुळगुळीत, चकचकीत होता, त्यावर खेकड्यांची बिळे, बगळ्यांची पावले. आणि हा तुकडा फावड्यांनी उलटापालटा केलेला, ढेकळेच ढेकळे. बायने ढेकळांतून बोटांनी काहीतरी वेचले आणि माझ्या तळव्यावर ठेवले. तांदळाच्या कणीएवढे तीन-चार शिंपले होते, फुटलेले.

"ही पोरां हायत," ती म्हणाली. "त्यांनी पोरांना पन नेलां."

पंचनामा केला. त्यात मी एक गोष्ट मुद्दाम लिहून घेतली. टणक वाटेवर अनेक माणसांचे खोल पायठसे होते, भरतीच्या पाण्यानेही पुरते न बुजलेले. ते सगळे जमिनीकडून आले होते आणि जमिनीकडेच गेले होते.

ठाण्यावर परतल्यावर सिनियर साहेबांनी कागद वाचले आणि हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. पण म्हणाले, "चोरीचा गुन्हा कसा दाखल करणार? खाडी सरकारची. चिखलातला जिवंत प्राणी पकडेपर्यंत कुणाच्याच मालकीचा नसतो. कोर्ट विचारेल, चोरी झाली तेव्हा माल कुणाच्या ताब्यात होता? काय सांगणार, ओहोटीच्या? अदखलपात्र म्हणून एन.सी. घ्या आणि मोकळे व्हा."

कायद्याने त्यांचे बरोबर होते. पण प्रकरण मोकळे होईना. वाड्यातल्या तरुणांनी ठरवून टाकले होते की हे काम पलीकडच्या कोळीवाड्याचे. दोन वाड्यांत खाजणाच्या हद्दीवरून जुनी धुसफूस होतीच. ठसे जमिनीकडून आले आहेत, पलीकडचे लोक होडीने पाण्याकडून आले असते, हे मी परोपरीने सांगितले. ऐकतो कोण? त्याच संध्याकाळी पलीकडच्यांचे एक नवे जाळे कापले गेले. दुसऱ्या दिवशी दगडफेक झाली आणि पलीकडच्या एका तरुणाचे डोके फुटले. दोन्हीकडच्या म्होरक्यांवर मी चॅप्टर केसेस केल्या, म्हणजे शांतता राखण्याचे जामीन लिहून घेतले, धक्क्यावर बंदोबस्त लावला. शिवल्यांचा तपास आता शांततेसाठी करायचा होता, त्यामुळे सिनियर साहेबांचीही हरकत राहिली नाही.

माग लागला तो भलत्याच तक्रारीतून. नव्या सोसायटीतले दोन सफारीवाले गृहस्थ ठाण्यात आले. "साहेब, चार दिवस झाले, घरात जेवण जात नाही. मिठागरांच्या मागं ती शेड आहे ना, तिथून असा वास येतो की पोरांना उलट्या होतात."

ती शेड मला माहीत होती. किनाऱ्यावरचे मेलेले शिंपले दळून तिथे कोंबड्यांच्या खाद्यात घालायची भुकटी करत. पण कोरड्या शिंपल्यांना वास येत नाही. मी जीप काढायला सांगितली. मिठागरांच्या वळणावरच शेडवर घिरट्या घालणाऱ्या घारी दिसल्या, इतक्या की मोजणे शक्य नव्हते.

शेडमागे उन्हात शिवल्यांचा ढीग तोंडे उघडून सडत पडला होता. मोठ्या, मध्यम, आणि मधे मधे वाळूसारखे ते कणीएवढे जीव.

शेडचा मालक लटपटला. इतक्या वर्षांत मी एक पाहिले आहे, खोटे बोलणारा माणूस आधी रागावतो आणि खरे बोलणारा आधी घाबरतो. हा चांगलाच घाबरला होता. म्हणाला, "साहेब, चोरीचा माल म्हणून घेतला नाही हो. त्या वाड्यातलाच माणूस आला होता. बोलला, खाजण आमचंच आहे, आता इथं भराव पडणार, त्याच्याआधी काढून न्या. मी मजूर दिले, टेम्पो दिला. वाट त्यानंच दाखवली."

"नाव?"

"नाव नाही विचारलं. समोर आणा, ओळखतो."

ओळख परेड घेतली असती तर काम झाले असते. पण त्याआधी मी वाड्यात गेलो. देवळासमोर जिथे जाळी वाळत घालतात तिथे पाटील, पंच आणि बरीच माणसे जमली. शेडवर काय सापडले ते मी सांगितले. वाड्यातलाच माणूस, म्हटल्याबरोबर गलका झाला. तो शमल्यावर मी साधा प्रश्न विचारला, "तुम्ही सगळे जत्रेला गेलात, तेव्हा मागे कोण राहिलं होतं?"

पाटलाने दोन म्हाताऱ्यांची नावे घेतली आणि एका बाळंतिणीचे. मग बायकांच्या घोळक्यातून बाय उठून उभी राहिली.

"माजा धाकला पन ऱ्हायला व्हता," ती म्हणाली. "ताप हाय म्हनाला. मी आयले तवा अंग थंड व्हता, आनि पायाची नखां काळी. तवा कळला नाय. सकाळी खाजण बघितला, तवा कळला."

जमलेली माणसे एकदम तिच्याकडे वळली.

"तरी तुम्ही ठाण्यात आलात?" मी विचारले.

"आयले. चोरी तर झाली व्हती." तिचा आवाज चिरकला. "पन नाव घेतला नाय. पलीकडच्यांवर आळ आला, त्यांचा जाळा कापला, तरी गप ऱ्हायले. आई हाय मी. आता तुमी सगळ्यांसमोर पुसलाव, आता नाय गप ऱ्हावत."

मी आयांना मुलांसाठी देवाच्या शपथा घेऊन खोटे बोलताना शेकडो वेळा ऐकले आहे आणि त्यांना कधी दोष दिलेला नाही. ही बाई ओळख परेडबद्दल काही जाणत नव्हती. ती बोलली नसती तर आपला मुलगा सुटेल, असाच तिचा समज असणार. तरी ती उठली होती. 

मुलाला ठाण्यात आणले. तिशीचा, मॅट्रिक झालेला, एका कारखान्यात पाळीवर काम करणारा. खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणाला, "मारायचं तर मारा साहेब, पण कलम सांगून मारा."

"मारत नाही. बोल."

"मीच नेलं. पण चोरी कुणाची झाली सांगा ना. खाडी सरकारची. शिवल्या कुणाच्या? कुणाच्याच नाहीत. आमची राखण कुठल्या कागदावर आहे? खाडीच्या वरच्या वळणावर जाऊन बघा, रोज डंपर रिकामे होतायत. वर्षा-दोन वर्षांत आमचं खाजण पण भरावाखाली जाणार. बिल्डिंगी उभ्या राहतील. तेव्हा आमच्या आईला कोण विचारायला येणार आहे, की बाई, तुझी राखण होती का इथं? मग गाडण्यापेक्षा काढलेलं काय वाईट?"

त्याचे बोलणे उद्धट होते, पण वेडगळ नव्हते. जे उद्या हातातून जाणार अशी खात्री असते, ते माणूस आज ओरबाडतो. सरकारी नळाच्या तोट्यांपासून रस्त्याकडेच्या झाडांपर्यंत मी हे पाहिले होते. वादात त्याला हरवणे मला जमले नसते, म्हणून मी वेगळेच विचारले.

"बी का नेलंस? कणीएवढ्या शिवल्यांचं त्या शेडवाल्याला काय होणार होतं?"

त्याचा उद्धट सूर गेला. तो म्हणाला, "मी ओरडत होतो साहेब. बारीक सोडा, बारीक सोडा. ते फावडी घेऊन आले होते. त्यांना काय, चिखल न् शिवली सारखीच. कुणी ऐकलं नाही." मग हाताच्या तळव्यांनी त्याने तोंड झाकून घेतले.

त्याच दुपारी बाय ठाण्यात आली. मला वाटले, सोडवायला आली असणार. ती म्हणाली, "सायेब, याला घटकाभर सोडा. मना पलीकडं जायचा हाय. होडी वल्हवाया मानूस पायजे."

"पलीकडे? आत्ता? दगड खाल तिथं."

"खाईन."

मी त्याच होडीत बसलो. मुलगा वल्ही मारत होता, आई होडीच्या नाळीकडे, पुढच्या टोकाकडे, तोंड करून बसली होती, मांडीवर एक नारळ.  पलीकडच्या काठावर माणसे गोळा झाली. माझी वर्दी पाहून दगड कुणी मारला नाही, पण वाटही कुणी दिली नाही. बाय गुडघाभर पाण्यात उतरली, नारळ दोन्ही हातांत धरून त्यांच्या पाटलापुढे उभी राहिली. तो तिच्याच वयाचा, दमेकरी माणूस होता.

"आमी तुमच्यावर आळ घेतला," ती म्हणाली. "चोर माज्या घरातला निघाला. यो बघा, होडीत बसलाय. जाळा आमी भरून देऊ. पन तोंडानं सांगायला मी सोता आयले."

पाटलाने नारळ घेतला नाही. त्याने एकच गोष्ट विचारली. "बी पन नेला काय?"

"सगळा."

त्याने मान खाली घातली. जवळचे कुणी गेल्याचे कळावे तशी. मग नारळ घेतला आणि वर निघून गेला. आम्ही परत फिरलो. येताना मुलगा वल्ही मारता मारता रडत होता आणि आई मागे वळून पाहत नव्हती.

पुढे काय होणार याचा मला अंदाज नव्हता. नारळ घेतला म्हणजे मिटले, की फक्त ऐकून घेतले? काही दिवसांनी, सकाळच्या वेळी, धक्क्यावरच्या शिपायाने धापा टाकत वर्दी दिली. पलीकडून होड्या येत होत्या, एक-दोन नव्हेत, सगळा वाडाच. मी मिळतील तेवढी माणसे घेतली, लाठ्या घेतल्या आणि खाडीवर पोचलो. अलीकडच्या वाड्यातले तरुणही वल्ही उपसून तयार होते. ओहोटी लागत होती. होड्या खाजणाच्या कडेला चिखलात टेकल्या.

पहिल्या होडीतून बायका उतरल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर पाटी, पाटीवर ओले गोणपाट. त्यांचा पाटील दम खात खात पुढे आला आणि गोणपाट बाजूला केले. आत चिखलात कालवलेले बी होते. त्यांच्या स्वतःच्या राखणीतून काढून आणलेले, हजारो कणीएवढे जिवंत शिंपले.

"तुमचा तुकडा मोकळा ऱ्हायला, तर चिखल वर्षभरात घट्ट होईल. मग कायच धरनार नाय," तो बायला म्हणाला. "खाडी एकच हाय."

त्यानंतर तिथे जे घडले ते मी आयुष्यात पुन्हा पाहिले नाही. दोन्ही वाड्यांतल्या बायका ओळीने उभ्या राहिल्या आणि पाठमोऱ्या मागे सरकत, भाताचे दाणे फेकावेत तसे मुठीमुठीने बी चिखलावर टाकू लागल्या.  आदल्या आठवड्यात ज्याचे डोके फुटले होते तो तरुण डोक्याला पट्टी बांधून पाट्या उतरवत होता आणि बायचा धाकटा त्या त्याच्या हातून घेत होता. दोघे एकमेकांकडे बघत नव्हते, पण पाटी एकदाही खाली पडली नाही. ऊन चिखलावर पडून सगळा पट्टा चांदीसारखा झाला होता आणि त्यावर ते बी ठिपक्याठिपक्याने हळूहळू दिसेनासे होत होते. जिवंत होते ते. आपापले खाली शिरत होते.

हवालदार माझ्या कानाशी आला. "साहेब, लाठ्यांचं काय करायचं?"

"गाडीत ठेवा," मी म्हणालो. 

भरतीचे पाणी आले, चिखल झाकला, होड्या तरंगल्या आणि पलीकडचे लोक निघून गेले.

कायद्याच्या दृष्टीने प्रकरणाचा शेवट अगदी किरकोळ झाला. शेडच्या मालकावर दुर्गंधी पसरवून सार्वजनिक उपद्रव केल्याचा खटला झाला आणि दंड झाला. बायच्या मुलावर चोरी लागूच शकत नव्हती. त्याला वाळीत टाकावे असे पंचांतल्या काहींचे म्हणणे होते. ते बरे नव्हे हे मी सांगण्याआधीच बाय म्हणाली होती, "टाकू नका. त्याला राखणीवर बसवा. आनि तुकडा उघडंल त्या दिशी आमच्या घरची कोयती सगळ्यांच्या मागनं पडंल." तसेच ठरले. कारखान्याची पाळी सांभाळून तो खाजण राखू लागला, हे मी गस्तीवर असताना स्वतः पाहिले.

त्याची भीतीही सगळी खोटी नव्हती. वरचे वळण पुढे खरोखरच भरावाखाली गेले. हे खाजण मात्र निदान माझ्या नोकरीभर वाचले. का, ते मी सांगू शकत नाही.

त्या वेळी मी मालमत्तेच्या गुन्ह्यांचा जाणकार समजला जात असे. मालकी म्हणजे कागद, कुलूप, ताबा, अशी माझी पक्की समजूत होती. तो तुकडा या कशातच बसत नव्हता. त्याला कुंपण नव्हते, सातबारा नव्हता, दिवसातून दोनदा तो पाण्याखाली जात होता. चार बांबूंवरच्या फडक्यांखेरीज त्याला कुणाचा पहारा नव्हता, आणि तरी पिढ्यान् पिढ्या माणसे त्याच्या काठाशी येऊन, भूक असताना, मागे फिरली होती. एका माणसाचा त्यावरचा विश्वास उडाला तेव्हा तो एका ओहोटीत उजाड झाला. त्यावर विश्वास असलेल्या शत्रूंनी स्वतःच्या घासातले आणून तो पुन्हा पेरला. कुठल्या कलमात हे लिहायचे, मला अजून सुचलेले नाही.

माझी बदली घाटकोपरला झाल्यानंतर काही वर्षांनी निरोप आला, राखण उघडते आहे, या. मी सुट्टी काढून गेलो. पहिला मान पलीकडच्या बायकांना दिला होता. त्यांच्या कोयत्या चालल्या, मग अलीकडच्या घरांच्या, एकामागून एक. शिवल्या इतक्या होत्या की चिखलातून काढताना खडखड आवाज काठापर्यंत येत होता. बाय आता चांगलीच थकली होती. सगळ्यांच्या मागून ती वाकली, थोडा वेळ उकरत राहिली आणि भरती लागायला अजून अवकाश असताना पाटी घेऊन वर आली.

मी पाटीत डोकावलो. "बाय, अर्धीच भरली की. खाली तर अजून पुष्कळ दिसतायत."

"हायत ना," ती म्हणाली. "म्हनून तर वर आयले."